अकरा दहाची कॉफी

पेडणेकर काकांनी आयुष्यात तीन गोष्टी पटकन ठरवल्या, असं ते स्वतःच सांगत. नोकरी, बायको आणि मुलुंड. तिन्ही निर्णय एकाच वर्षातले आणि तिन्ही बरोबर निघाले, त्यामुळे पुढे कधी घाई करायचं कारण उरलं नाही. मिक्सर घ्यायला त्यांना पाच महिने लागले, चष्म्याची फ्रेम निवडायला दोन. घरात ठेवायचं एस्प्रेसो कॉफीचं मशीन निवडायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत मी त्यांना जितकं ओळखलं तितकं आधीच्या एकोणीस वर्षांत ओळखलं नव्हतं, आणि एकोणीस वर्षं आमची दारं समोरासमोर होती.

विक्रोळीच्या एका जुन्या कारखान्यात ते मापनखोलीत होते. कारखान्यातली बाकीची माणसं वस्तू मोजत, काका ज्या मापांनी त्या मोजल्या जात ती मापं मोजत. त्या खोलीत बारा महिने वीस अंश तापमान ठेवलेलं असे. बाहेर मे महिना पेटलेला असताना काका हातात स्वेटर घेऊन कामाला निघत, आणि नव्याने राहायला आलेल्या लोकांना वाटे की म्हाताऱ्याचं काहीतरी बिघडलंय. निवृत्तीनंतर स्वेटर सुटला, पण शर्टाच्या खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी सुटली नाही. बोलणंही खोलीतलंच राहिलं. स्टेशनजवळचा वडा कच्चा निघाला तर म्हणत, "हा रीवर्कला पाठव." सोसायटीचा नवा सेक्रेटरी त्यांच्या मते "पास, पण काठावर" होता. मी इथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणून माझं नाव ‘लायब्ररी’. "काय लायब्ररी, आज सुट्टी?" माझी पाळी दुपारी साडेबाराची असते हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी रोज सकाळी विचारत.

त्यांचे वडील कुडाळकडून गिरणीत कामाला आलेले. काकांच्या बोलण्यात मालवणी क्वचितच यायची. फार चिडले किंवा फार हळवे झाले तरच. दोन्हींतलं नेमकं काय झालंय हे ओळखायला मला वेळ लागे.

सुनीता काकू त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. मरोळला एका निर्यात कंपनीत त्या एकतीस वर्षं कागदपत्रं बघत होत्या. काका आधी निवृत्त झाले, त्यामुळे चार वर्षं दिवसभर घर त्यांच्या एकट्याच्या ताब्यात होतं, आणि त्या चार वर्षांत त्यांनी घराची मापनखोली करून टाकली. डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कारखान्यातल्या हत्यारांच्या फळीसारखी सोय झाली. कालथा, झारा, पळी, चिमटा, प्रत्येकासाठी एक खिळा आणि खिळ्याखाली त्या-त्या वस्तूच्या आकाराची काळी रेघ. काय जागेवर नाही ते लांबूनही कळायचं.

मग काकू निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला काकांनी मलाही नेलं होतं. कोणीतरी विचारलं, "मॅडम, सगळ्यात जास्त काय मिस करणार?" काकू हसून म्हणाल्या, "अकरा दहाची कॉफी." टाळ्या पडल्या. शेजारी काकांनी खिशातून डायरी काढून काहीतरी लिहिलं, ते मला दिसलं.

त्यानंतर महिन्याभराने एकदा मी पेपर परत द्यायला गेलो होतो. काकूंनी भजी तळून झारा धुतला आणि कालथ्याच्या खिळ्यावर अडकवला. काकांनी जाता जाता तो काढून त्याच्या रेघेवर लावला. भांडण नाही, आवाज नाही. काकू ओट्याशी टेकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरात मी दिवसभर काय करायचं ते एकदा सांगून ठेवा."

त्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. त्या दिवसांत त्या तशा बऱ्याचदा बसत. टीव्ही लावलेला, आवाज बंद. दुपारी दोनला झोपत आणि सहाला उठत. फोन आला की "मी? मी काय, आरामच" असं म्हणत. काका ओट्यापाशी उभेच राहिले होते. भजी कोणीच खाल्ली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. "लायब्ररी, कॉफीच्या मशीनवर तुझ्याकडे काही पुस्तक आहे का?"

पुस्तक नव्हतं. मग त्यांनी स्वतःच अभ्यास सुरू केला. मशीनचे चार प्रकार त्यांनी वहीत मांडले आणि एकेक खोडत गेले. बंद पुडी घालायचं मशीन सगळ्यांत आधी गेलं. "आत दुसऱ्याने काय भरलंय ते बघता येत नाही. इन्स्पेक्शनशिवाय माल घ्यायचा?" एका बटणावर बिया दळून कॉफी हातात देणारं मशीन मला आवडलं होतं. तेही गेलं. "चूक झाली तर कुठे झाली ते कळणार नाही." हाताने दांडा ओढायचं मशीन त्यांना स्वतःला फार आवडलं होतं. ते दोन दिवस त्याच्या चित्राकडे बघत होते. पण काकूंचा उजवा खांदा दुखायचा. वहीत त्यांनी लिहिलं, ‘खांदा’, आणि खोडलं. उरलं साधं पंपाचं मशीन. दांड्याच्या चाळणीत कॉफीची पूड दाबून भरायची, तिच्यातून गरम पाणी जोराने जाणार. जाहिरातींत कोणी पंधरा बारचा दाब म्हणे, कोणी वीसचा. काका वैतागले. "लागतात नऊ. वीस कशाला? मुलुंडहून ठाण्याला जायला विमान कोण काढतं रे?"

पवईला एका दुकानात मशीन चालवून दाखवतात असं कळलं, म्हणून एका शनिवारी आम्ही गेलो. काकांनी पिशवीतून स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि थर्मामीटर काढून काउंटरवर मांडले. दुकानातली मुलगी जेमतेम पंचविशीची, हसतमुख.

"सर, ट्राय करा. याच्यात चॉकलेटी नोट्स आहेत."

"नोट्स नंतर बघू. तीन कप काढा. सलग."

"तीन? दोघंच आहात ना सर तुम्ही?"

"पहिला चांगला येतो तो तुमच्या नशिबाने. तिसरा येतो तो मशीनमुळे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिने तीन कप काढले, काकांनी तिन्ही काट्यावर ठेवले, तिन्हींत थर्मामीटर बुडवला. वजनं वेगवेगळी आली. काका म्हणाले, "मशीनचा दोष नाही. तुम्ही पूड दर वेळी वेगळी दाबता." तिला ते लागलं असावं. तिने ओठ मिटले, न सांगता पुन्हा तीन कप काढले, आणि मग आणखी तीन. शेवटच्या तिन्हींत एका ग्रॅमचा फरक निघाला तेव्हा ती ओरडलीच, "सर, बघा ना! एक ग्रॅम!"

"पास," काका गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही पास. मशीन अजून नाही."

चव बघायचं काम माझ्याकडे होतं, कारण काकांना पित्ताचा त्रास, कॉफी त्यांना चालतच नसे. नऊ कपांनंतर मी त्या मुलीकडे पाणी मागितलं.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे किती?"



मशीन ठरत आलं तसं त्यांनी पुठ्ठ्याचं एक मशीन केलं. अगदी खरं माप. उंची, रुंदी, खोली, पुढे आलेला दांडासुद्धा, लाटण्याचा तुकडा कापून बसवलेला. ते त्यांनी ओट्यावर ठेवून दिलं. खरी वस्तू यायच्या आधी तिची जागा माणसांच्या अंगवळणी पडली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दीड महिना ते पुठ्ठ्याचं खोकं ओट्यावर होतं. भांडी घासायला येणाऱ्या शोभाताई ते रोज पुसत. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "काका, हे चालू कधी होनार?"

"ट्रायल चालू आहे," काका म्हणाले.

काकू त्या खोक्यावर कांद्यांची टोपली ठेवत. मला हळूच म्हणाल्या, "अरे, मी कॉफी म्हटलं आणि हे सगळं झालं. मी बिर्याणी म्हटलं असतं तर?" त्या हसल्या, पण पुन्हा जाऊन टीव्हीसमोर बसल्या. टीव्हीचा आवाज बंदच होता.

मशीन आलं. पावणेअकराला सुरू करायचं, म्हणजे अकरा दहाला पुरेसं तापतं, हे काकांनी आधीच काढून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी मी हजर होतो. पूड अठरा ग्रॅम, पाणी काट्यावर, दूध थर्मामीटर लावून तापवलेलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी जेवणाच्या टेबलावर काकूंसमोर कप ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले. काकूंनी घोट घेतला. "छान आहे," म्हणाल्या. खरोखरच छान होती. पवईच्या नऊही कपांपेक्षा चांगली.

तीन आठवड्यांनी ते वही घेऊन माझ्याकडे आले. एरवी ते दारातच बोलत. त्या दिवशी आत येऊन बसले.

"चाळीस, पंचेचाळीस, चाळीस, अडतीस," त्यांनी वाचून दाखवलं.

"हे काय?"

"मिलीलिटर. ती टाकते ते. रोज अर्धा कप तसाच राहतो. बेसिनमध्ये ओतायच्या आधी मी मोजतो."

मी हसणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून थांबलो. त्यांनी तीन जागच्या बिया बदलल्या होत्या. दळण बारीक केलं, जाड केलं. पिण्याच्या पाण्याची बाटली बदलली. आकडा चाळीसच्या आसपासच राहिला.

"काकूंना विचारलंत?"

"विचारलं. छान आहे म्हणते. छान असती तर संपली असती ना." ते वहीकडे बघत राहिले. "काल मला म्हणाली, उगाच इतका त्रास कशाला घेता माझ्यासाठी. पाहुण्याशी बोलावं तसं बोलली." मग वही मिटून म्हणाले, "माजां कायतरी चुकलां रे."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. मापात फरक येतो तेव्हा मूळ मापाकडे जायचं, हा त्यांच्या खोलीचा नियम. मूळ माप मरोळला होतं. मंगळवारी सकाळी आम्ही दोघं रिक्षाने तिकडे गेलो. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर आणि टॉवेलात गुंडाळलेली काचेची मोजनळी होती. गेटवरच्या रखवालदाराने ती काढून उजेडात धरली. "ये क्या है अंकल? ब्लड टेस्टवाले हो क्या?"

"कॉफी टेस्ट," काका म्हणाले. त्याने सोडलं.

पाचव्या मजल्यावर जिन्याच्या बाजूला एक अरुंद बोळ होता. जेमतेम पाच फूट बाय चार, काकांनी नजरेनेच मोजला. तिथे भिंतीला लावलेलं एक जुनं मशीन. बटण दाबलं की कागदी कपात पावडरची कॉफी पडायची. अकरा दहाला माणसं आली. सात-आठ जण, बायका जास्त. काकूंच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या रेखाताईंनी काकांना ओळखलं. "अय्या, पेडणेकर मॅडमचे मिस्टर! मॅडम कशा आहेत हो? त्यांना सांगा, त्या गेल्यापासून इथल्या बातम्या दोन-दोन दिवस उशिरा कळतात आम्हाला."

काकांनी आपल्या कपात थर्मामीटर घातला. एकसष्ट अंश. मी घोट घेतला. वाईट होती. साखरेचं कोमट पाणी. पण आमच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. एकीच्या जावयाने बाळाचं नाव काय सुचवलं ते चाललं होतं, त्यातच दुसरी साहेबांची नक्कल करत होती, तिसरी म्हणत होती, "थांब गं, आधी माझं ऐक." बसायला खुर्ची नव्हती, टेकायला जेमतेम भिंत. सगळे खांद्याला खांदा लावून उभे, सगळे एकदम बोलत होते. आणि मग साडेअकरा झाले, बोळ रिकामा झाला.

काका कचऱ्याच्या डब्यापाशी वाकून उभे होते. मला त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. डब्यात आठ कागदी कप होते. प्रत्येकात अर्धी कॉफी.

रिक्षा पवईच्या तलावावरून जात असताना ते म्हणाले, "सगळेच टाकतात. बोलण्यात थंड होते, मग टाकतात." मग म्हणाले, "मूळ माप न बघता मी अकरा महिने माल तपासला, लायब्ररी. हे मी कारखान्यात केलं असतं तर मला काढून टाकलं असतं."

घरी त्यांनी एका शब्दानेही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. दीड महिना पुठ्ठा ठेवून ठरवलेली ओट्यावरची जागा रद्द झाली आणि मशीन दारालगतच्या बोळकांडीत आलं. तिथे चपलांचा रॅक होता, तो आत गेला. मग काका मजल्यामजल्यावर फिरले. ज्या माणसाने वीस वर्षांत कोणाच्या घरी चहासुद्धा घेतला नव्हता, तो बेल वाजवून सांगत होता, "उद्या अकरा दहाला या. कॉफी आहे. उभं राहायचं. खुर्च्या नाहीत."

दुसऱ्या मजल्यावरच्या नाईकबाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "अरे, काकांची तब्येत बरी आहे ना?"

पहिल्या दिवशी तिघी आल्या, त्यातल्या दोघी नुसतं बघायला. काका मशीनवर, काकू दाराला टेकून. बोलणं अवघडलेलंच होतं. पाणी कधी येतं, लिफ्टचं काय झालं. काकांचं लक्ष काट्यावर आणि सगळ्यांचं काकांवर. काहीतरी परीक्षा चालल्यासारखं वाटत होतं. चौथ्या दिवशी दूध कमी पडेल म्हणून काका खाली गेले आणि डेअरीत गर्दी होती. अकरा दहा झाले. बायका उभ्या. काकूंनी घरात उरलेलं थोडं दूध काढलं, बाजूचा वजनकाटा उचलून आत नेऊन ठेवला, अंदाजाने पूड भरली, अंगठ्याने दाबली आणि बटण दाबलं. "बघू गं, फुटतंय की काय," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. मग नाईकबाईंना कसलीतरी आठवण झाली, ती काकूंनी मध्येच तोडली, "थांब, माझं ऐक आधी," आणि तिथून पुढे थांबलंच नाही.

काका दूध घेऊन वर आले तेव्हा कॉफी जमिनीवर, भिंतीवर, काकूंच्या पदरावर सांडलेली होती. पूड नक्कीच बावीस ग्रॅमच्या वर होती. काकांचा हात खिशातल्या पट्टीकडे गेला. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "दूध आणलंय." आणि आत गेले.

त्यानंतर मशीनला त्यांनी हात लावला तो फक्त रविवारी, साफ करायला. मशीन काकूंचं झालं. तिथून पुढे एकेक गोष्ट झाली. झारा कालथ्याच्या खिळ्यावर गेला, चिमटा खिडकीत, डब्यांवरच्या चिठ्ठ्या आणि आतले जिन्नस यांचा संबंध तुटला. साखर हवी असेल तर ‘मेथी’ उघडायची. काकूंचं दुपारी दोनला झोपणं बंद झालं, कारण दोन वाजले तरी कोणी ना कोणी तिथेच उभं असे. कामावर जाताना मला त्या गर्दीतून वाट काढत जावं लागे. काका बेडरूममध्ये पेपर वाचत बसत, दार अर्धवट उघडं ठेवून.

"कशी चाललीये कॉफी?" मी एकदा विचारलं.

"कॉफी भयंकर आहे. रोज वेगळी." ते तोंडासमोरचा पेपर खाली न घेता म्हणाले. "पण ती सकाळी उठल्या उठल्या घड्याळ बघते आता."

ते गेले ते एका दुपारी. झोपले ते उठलेच नाहीत. त्याच्या तीन दिवस आधी मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं. मी कुलूप लावून निघत होतो. समोरची बोळकांडी गच्च भरलेली, दार उघडं, दोघीजणी तर जिन्याच्या पायरीपर्यंत आलेल्या. काका बाजार करून आले होते. खांद्याला पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. त्यांना आत जायला जागाच नव्हती. मी म्हणालो, "अहो, जरा सरका, काकांना..." तर त्यांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं. आणि जिन्याच्या वळणावर, कोणाला दिसणार नाही असे उभे राहिले. मीही थांबलो.

आत काकू रंगात आल्या होत्या. "...आणि बघायला आले ना, तर माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. सीलिंग फॅनकडेच बघतायत! आणि बाबांना पहिला प्रश्न काय, तर हा पंखा आवाज का करतो? उठले आणि चक्क स्टूल मागितलं गं!"

हसण्याचा एकच गलका झाला. कोणीतरी म्हणालं, "मग? चढले?"

काका माझ्या कानाशी वाकले. "टेबलफॅन होता," ते कुजबुजले. "स्टूल कशाला मागेन मी? पाना मागितला होता."

"मग जाऊन सांगा ना."

त्यांनी विचार केला. वेळ घेऊन, नेहमीसारखाच.

"नको रे," ते म्हणाले. "स्टूलच चांगलं वाटतंय." आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन, भिंतीला टेकून, ते स्वतः स्टूलवर चढल्यावर पुढे काय झालं ते ऐकत राहिले.